फेरीत पायी माणूस फुकट, गाडीवाल्याला तिकीट: फुकट अ‍ॅप पैसे कधी मागतं आणि का?

गोव्यात रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जायचं तर पायी माणसाला तिकीट नाही. स्कूटरवाल्यालाही नाही. पैसे मोजायचे ते चारचाकीवाल्याने. नदी तीच, पलीकडचा धक्का तोच, लागणारा वेळही तोच. तरी फुकट जाणारे आणि पैसे भरणारे एकाच बोटीत खांद्याला खांदा लावून उभे असतात आणि कुणी कुणाकडे वाकड्या नजरेने बघत नाही. २०२३ मध्ये सरकारने दुचाकीलाही तिकीट लावायचं ठरवलं, तेव्हा मात्र अशी ओरड झाली की निर्णय बाजूला ठेवावा लागला.

तुमच्या मोबाइलमधली बरीचशी अ‍ॅप्स या फेरीसारखीच चालतात. पुष्कळ माणसं फुकट पलीकडे जातात, थोड्या गाड्या तिकीट काढतात. फरक एकच, आणि तो मोठा आहे. फेरीचा तोटा सरकार भरून काढतं. अ‍ॅपवाल्याच्या पाठीशी सरकार नसतं. त्यामुळे पायी माणसांतला कोण उद्या गाडी घेऊन येईल, यावर तो डोळा ठेवून बसलेला असतो.

हा विषय आत्ता काढायचं कारण एआय. २०२५ च्या जुलैत एअरटेलने आपल्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो हे प्रश्नांना उत्तरं देणारं एआय अ‍ॅप वर्षभरासाठी फुकट दिलं. ऑक्टोबरअखेर जिओने गूगलच्या जेमिनीची प्रो आवृत्ती १८ महिन्यांसाठी दिली. ४ नोव्हेंबरपासून ओपनएआयने महिना ३९९ रुपयांचं चॅटजीपीटी गो भारतात एका वर्षासाठी मोफत केलं. आमच्या वाड्यावर कॉलेजातल्या पोरांपासून देवळाच्या समितीचा अहवाल लिहिणाऱ्या खजिनदारांपर्यंत सगळ्यांनी ते घेतलं. आता प्रत्येकाची मुदत आपापल्या तारखेला संपणार आणि मला विचारणा होणार, ‘हे लोक आधी फुकट देतात कशाला आणि मग मागतात कशाला?’

मी काही वर्षं पणजीत एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत हेच काम केलं. तेव्हा आतून जेवढं दिसलं तेवढं सांगतो.

कल्ले उचलून बघता येत नाहीत

म्हापशाच्या बाजारात इसवण मासा घेताना आपण कल्ले उचलून बघतो. काजूच्या दुकानात दुकानदार न मागता दोन गर तळहातावर ठेवतो. सॉफ्टवेअरला ना कल्ले, ना चव. बिलं करायचं अ‍ॅप आपल्या दुकानाला जमेल की नाही, हे चार दिवस त्यावर बिलं केल्याशिवाय कळत नाही. म्हणून आधी वापरायला द्यायचं आणि पैशांचं नंतर बघायचं.

ही युक्ती मोबाइलपेक्षा जुनी आहे. १९८२ च्या सुमारास अमेरिकेत जिम नॉफ आणि अँड्र्यू फ्लुगेलमन या दोघांनी, एकमेकांना न विचारता, जवळपास सारखीच गोष्ट केली. आपल्या प्रोग्रॅमच्या प्रती वाटू दिल्या आणि सोबत निरोप ठेवला, आवडला तर पैसे पाठवा, मित्रालाही प्रत द्या. १९९३ मध्ये ‘डूम’ या खेळाचा पहिला भाग असाच फुकट फिरला. पुढचे दोन भाग हवे असतील तर पैसे. पहिला अंक फुकट दाखवून पडदा पाडायचा, असा तो प्रकार. जत्रेतल्या नाटकमंडळीला हे सुचलं नाही हे आपलं नशीब.

या धंद्याला नाव मिळालं २००६ मध्ये. फ्रेड विल्सन या अमेरिकी गुंतवणूकदाराने वाचकांकडे नाव मागितलं आणि ‘फ्री’ व ‘प्रीमियम’ जोडून ‘फ्रीमियम’ हा शब्द आला. साधी आवृत्ती कायम फुकट, जास्तीचं काही हवं तर पैसे, एवढाच त्याचा अर्थ. फुकट वापरणारा पहिल्यांदा पैसे भरतो त्या घटनेला या धंद्यात ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. मी इथे साधं म्हणेन, फुकट्याचा गिऱ्हाईक होणं. फुकट्या शब्द कुणी मनाला लावून घेऊ नये. मी स्वतः फोनमधल्या फक्त दोन अ‍ॅप्सना पैसे देतो.

शंभरातले दोन-तीन

फाइली साठवून देणारी ड्रॉपबॉक्स कंपनी २०१८ मध्ये शेअर बाजारात उतरली. तेव्हा तिला आपला हिशोब जगापुढे मांडावा लागला. नोंदणी केलेली खाती ५० कोटींहून जास्त, पैसे देणारे साधारण १ कोटी १० लाख. म्हणजे शंभरात दोनच्या आसपास. आणि तेवढ्यांवर आदल्या वर्षीची विक्री १०० कोटी डॉलरच्या वर.

सगळीकडे दोनच असतात असं नाही. स्पॉटिफायकडे २०२४ अखेर महिन्याला गाणी ऐकणारे साडेसदुसष्ट कोटी होते आणि त्यांतले २६ कोटी ३० लाख पैसे देणारे. गाणी माणूस रोज ऐकतो आणि फुकटात ऐकताना मध्येच जाहिरात शिरते. रोज टोचणारा काटा माणूस लवकर काढतो. ड्रॉपबॉक्सच्या फुकट दोन जीबीत मात्र पुष्कळांचा संसार वर्षानुवर्षं मावतो.

आता लहान कंपनीचं गणित करून बघू. आकडे हिशोबापुरते धरलेले आहेत. समजा १०,००० जण अ‍ॅप वापरतात. सर्व्हर, एसएमएस, तक्रारी ऐकणारा माणूस असा सगळा खर्च धरून प्रत्येकामागे महिना ४ रुपये. झाले ४०,०००. त्यांतले ३०० जण महिना २९९ रुपये देतात. वरवर पाहता ८९,७०० रुपये, म्हणजे मजाच मजा. पण मूळ किमतीवरचा १८ टक्के जीएसटी त्यातच आला, तो सरकारचा. तो वजा करून उरतात साधारण ७६,०००. प्ले स्टोअरमार्फत वर्गणी घेतली तर गूगलचे १५ टक्के. उरले ६४,६००. सगळ्या दहा हजारांना पोसायचे ४०,००० त्यातून काढले की हातात चोवीस-पंचवीस हजार. त्यात पणजीत एका नवशिक्या इंजिनिअरचा पगार कसाबसा निघतो. ऑफिसचं भाडं अजून धरलेलंच नाही.

आता तीनशेचे सहाशे झाले तर? मिळकत दुप्पट होते, खर्च जवळजवळ तेवढाच राहतो. चोवीस हजारांचे नव्वद हजारांच्या आसपास होतात. शंभरातल्या तिघांचे सहा करण्यासाठी कंपन्या का धडपडतात, रात्री अकराला ‘फक्त आजच सवलत’ का येतं, ते यावरून कळावं.

कुंपण कुठे घालायचं

खरा प्रश्न हा आहे. फुकट किती द्यायचं आणि कुठे थांबवायचं. कुंपण फार लांब घातलं तर कुणी तिथवर पोचतच नाही. फार जवळ घातलं तर माणूस अंगणातूनच परत फिरतो.

कुंपण वेळेचं असू शकतं. चौदा दिवस वापरा, मग पैसे. विनरार या जुन्या प्रोग्रॅमची मुदत ४० दिवसांची. पण एकेचाळिसाव्या दिवशीही तो चालतोच, फक्त उघडताना आठवण करून देतो. जगभर लाखो लोक वर्षानुवर्षं त्या ‘एकेचाळिसाव्या दिवशी’ राहतात.

कुंपण मापाचं असू शकतं. झूमवर फुकट बैठक ४० मिनिटांची. टाळेबंदीत आमचं भजनी मंडळ अडतिसाव्या मिनिटाला हमखास भैरवीवर यायचं. बुवांचा अंदाज घड्याळाहून पक्का होता. गोव्याने पाण्याच्या बिलात हेच केलं होतं. २०२१ च्या योजनेत महिन्याला १६ हजार लिटरपर्यंत वापरणाऱ्या घराला बिल शून्य.

आणि कुंपण सोयींचंही असतं. बिल फुकट करा, पण बिलावर दुकानाचं नाव छापायचं तर पैसे. किंवा माणसांचं, म्हणजे एकट्याने वापरायला फुकट, दोन नोकरांना जोडायचं तर पैसे.

यांतलं चांगलं कोणतं? आमच्या कंपनीची चूक सांगतो. आमचं दुकानदारांसाठी बिलाचं अ‍ॅप होतं. आम्ही हिशोब केला की लहान दुकानात दिवसाला पंधरा-वीस बिलं होतात, तेव्हा चाळीसपर्यंत फुकट ठेवू. ज्याची चाळीसवर जातात तो मोठा, तो देईल. कागदावर सुरेख होतं. पण म्हापशाला शुक्रवारी बाजार असतो. आठवड्याचे बाकी दिवस पंधरा बिलं करणारा दुकानदार शुक्रवारी दुपारी एकलाच चाळिसाव्या बिलाला यायचा. समोर डिचोली, पेडण्याहून आलेली गिऱ्हाइकं रांगेत, हातात नोटा, आणि पडद्यावर आमची पाटी, ‘पुढे जाण्यासाठी योजना निवडा’. आम्हाला वाटत होतं की त्याला आमची सगळ्यात जास्त गरज असते तीच ही घडी. गरज होतीच. पण त्याच घडीला त्याने आम्हाला शिव्या घातल्या, गल्ल्याखालून जुनं कागदी बिलबुक काढलं आणि शनिवारी अ‍ॅप काढून टाकलं. असे एक-दोन नव्हते.

मग आम्ही उलट केलं. शुक्रवार जाऊ दिला. शनिवारी सकाळी दुकान उघडल्यावर त्याला दाखवलं, ‘काल तुमची ११२ बिलं झाली, सगळ्यात जास्त खपलं ते नारळ आणि मिरची.’ खाली बारीक ओळ, पुढच्या महिन्यापासून चाळीसच्या वर गेलात तर २९९ रुपये. पैसे भरणारे वाढले. तंत्र काही बदललं नव्हतं. कुंपणही तिथेच होतं. बदलली होती ते दिसायची वेळ. माणूस अडला असताना नाही, तर त्याचं काम फत्ते झाल्यावर विचारलं.

या धंद्यातले जाणते आणखी एक गोष्ट बघतात. पैसे कधी मागायचे हे ठरवण्याआधी, माणसाला या वस्तूचा उपयोग पहिल्यांदा नेमका कधी कळला हे शोधायचं. ऑफिसातल्या गप्पांसाठीच्या स्लॅक कंपनीने असा ठोकताळा काढला होता की ज्या गटात दोन हजार निरोपांची देवाणघेवाण झाली तो गट बहुधा टिकतो. म्हणजे त्याआधी पैशांचा विषय काढणं व्यर्थ. आमच्याकडे ती खूण होती पहिली उधारी वसूल होणं. अ‍ॅपने आठवण पाठवली आणि बाराशे रुपये परत आले, की दुकानदाराला २९९ रुपये रक्कम म्हणून दिसतच नाहीत.

कुंपण सरकतंही, आणि लोकांचा राग खरा तिथे असतो. ड्रॉपबॉक्सने २०१९ मध्ये फुकट खात्याला तीन उपकरणांची मर्यादा घातली. स्लॅक फुकट गटांना शेवटचे दहा हजार निरोप दाखवायचं, २०२२ च्या सप्टेंबरपासून शेवटचे नव्वद दिवस दाखवू लागलं. गूगल फोटोजमध्ये पाच-सहा वर्षं कितीही फोटो ठेवता येत होते. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीत मोजले जाऊ लागले, मात्र त्याआधीचे मोजायचे नाहीत असं ठरलं. एव्हरनोट या टिपणांच्या अ‍ॅपने २०२३ च्या डिसेंबरात फुकट खात्याला ५० टिपणांवर आणलं, पण जुनी हजारो टिपणं वाचायची, सुधारायची आणि बाहेर काढून न्यायची मुभा ठेवली. फेरीवर दुचाकीला तिकीट लावण्याएवढीच ओरड या सगळ्यांवर झाली. पण यात एक फरक करायला हवा. पुढची वाट अडवणं वेगळं आणि परतीची वाट अडवणं वेगळं. ‘यापुढे नवीन ठेवायचं तर पैसे’ हा सौदा आहे, पटला तर करावा. ‘तुमचंच जुनं परत हवं तर पैसे’ म्हणणाऱ्याला मी दुकानदार मानत नाही.

शून्यावरून एकावर

पण २९९ काय, २९ रुपये ठेवले तर सगळेच देतील ना? नाही देत. शून्य आणि एक यांतलं अंतर एक आणि शंभर यांतल्या अंतराहून मोठं आहे.

२००७ मध्ये छापून आलेल्या एका अमेरिकी प्रयोगात लोकांपुढे दोन चॉकलेटं ठेवली. एक उंची, १५ सेंटला. एक साधं, १ सेंटला. घेणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांनी उंची उचललं. मग दोन्हींची किंमत एकेक सेंटने उतरवली, म्हणजे १४ आणि शून्य. फरक तेवढाच राहिला, तरी आता ६९ टक्के लोक फुकट चॉकलेटाकडे वळले. हिशोबाने कुणाचंच मत बदलायला नको होतं. पण फुकट म्हटलं की माणूस हिशोब करायचं थांबवतो आणि एक पैसा मागितला की पुन्हा सुरू करतो, ‘मला हे खरंच लागतं का?’

म्हणून किंमत अगदी खाली आणूनही उपयोग होत नाही. २९ रुपयांसाठीही यूपीआयचा पिन टाकावा लागतोच आणि विचार करावा लागतोच.

मग जिओचं कसं जमलं, असा प्रश्न येतो. ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झालेलं जिओ ३१ मार्च २०१७ पर्यंत फुकट होतं. फेब्रुवारीत दहा कोटी ग्राहक झाल्याचं जाहीर झालं आणि ९९ रुपयांचं प्राइम सदस्यत्व मार्चअखेरपर्यंत ७ कोटी २० लाख जणांनी घेतलं. शंभरात दोन नव्हे, सत्तरच्या आसपास. पण तिथे फुकट राहण्याचा दरवाजाच बंद होणार होता आणि त्याची तारीख सगळ्यांना माहीत होती. सहा महिन्यांत इंटरनेट म्हणजे नळाचं पाणी झालं होतं. टिपणांचं अ‍ॅप कुणाच्या घरचं नळाचं पाणी होत नाही. त्या यशाचा दाखला देऊन ‘आपणही आधी सगळ्यांना फुकट देऊ’ म्हणणारे तीन तरी व्यावसायिक मला पर्वरीत भेटले. त्यांच्या मागे अंबानी नव्हते ही बारीकशी गोष्ट ते विसरत.

‘पण ही तर सरळ फसवणूक’

काही वेळा हो, आहेच. माझा मावसभाऊ मोरजीला तीन खोल्यांचा होमस्टे चालवतो. त्याने खोल्यांची नोंद ठेवायला एक अ‍ॅप घेतलं, चौदा दिवस फुकट. सुरुवातीलाच यूपीआय जोडायला लावलं, ‘पैसे आत्ता कापणार नाही’ म्हणून. तो विसरला. जूनमध्ये, सगळ्या खोल्या रिकाम्या आणि छपरावर पाऊस कोसळत असताना, सातशेच्या वर रुपये गेले. त्याने चिडून अ‍ॅप काढून टाकलं. जुलैत पुन्हा गेले. मला फोन, ‘दादा, अ‍ॅप फोनात नाहीच, मग हे पैसे कापतात कसे रे?’

अ‍ॅप काढणं आणि पैशांची परवानगी काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे वाक्य मला फोंड्याच्या बसस्टँडवर रंगवून घ्यावंसं वाटतं. अ‍ॅप म्हणजे दारावरची पाटी, परवानगी म्हणजे बँकेत दिलेला कागद. पाटी उतरवली म्हणून कागद फाटत नाही. ज्या यूपीआय अ‍ॅपवरून परवानगी दिली त्यातल्या ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ विभागात ती रद्द करायची. प्ले स्टोअरमधून घेतलेली वर्गणी असेल तर तिथल्या ‘सबस्क्रिप्शन्स’मध्ये. भावाचं काम मिनिटभरात झालं. त्याआधी अ‍ॅपवाल्यांच्या मदतकेंद्राशी त्याचा तीन दिवस पत्रव्यवहार चालला होता, तो वाया.

नियम नाहीत असं नाही. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांनुसार आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना निदान २४ तास आधी यायला हवी. आता बहुतेक व्यवहारांत १५ हजारांपर्यंतची रक्कम दर वेळी ओटीपी न मागता जाऊ शकते. म्हणजे ती सूचना हाच आपला पहारेकरी. भावाला ती आलीही होती, कॅसिनोच्या आणि कर्जाच्या जाहिरातींच्या चाळीस एसएमएसांखाली.

दुसरा नियम केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचा, ३० नोव्हेंबर २०२३ चा. पडद्याची रचनाच अशी करायची की माणसाने नको ते बटण दाबावं, याला ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. त्याचे तेरा प्रकार त्यात मोजले आहेत. खोटी घाई करणं, टोपलीत गुपचूप जास्तीचा माल टाकणं, ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असं बटण ठेवून माणसाला लाजवणं, सारखी किरकिर करणं, घ्यायला एक टिचकी आणि सोडायला सात पायऱ्या ठेवणं. फुकट मुदत संपल्याचं न कळवता सॉफ्टवेअरचे पैसे कापत राहणं हा तर स्वतंत्र प्रकार आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

एवढं असूनही सगळ्या फ्रीमियमला फसवणूक म्हणणं मला पटत नाही. आम्ही तो शनिवारचा निरोप पाठवायचो त्यात लबाडी नव्हती. आणि धंद्याच्या नजरेनेही सापळा महाग पडतो. विसरून पैसे भरणारा माणूस पहिल्या महिन्याच्या आकड्यात गिऱ्हाईक दिसतो आणि तिसऱ्या महिन्यात मोरजीतल्या प्रत्येक होमस्टेवाल्याला त्या अ‍ॅपबद्दल काय ते सांगून मोकळा होतो.

‘मी कधीच पैसे देणार नाही, मग मला पोसतात कशाला?’

कारण तुम्ही इतरांना आणता. ड्रॉपबॉक्सने सुरुवातीच्या काळात मित्राला आणणाऱ्याला आणि येणाऱ्या मित्रालाही जास्तीची जागा दिली. जाहिरातीला पैसे मोजण्यापेक्षा ते स्वस्त पडलं. झूमवर पैसे भरणाऱ्याला समोर बोलायला माणसं लागतात, ती फुकट असली तरी चालतात, उलट फुकट असलेलीच बरी.

दुसरं, तुम्ही आज देत नाही म्हणजे उद्या देणार नाही असं नसतं. तीन वर्षांच्या चवथीच्या माटोळीचे फोटो, मुलीचं पहिलं बोरन्हाण, व्हॉट्सअ‍ॅपचा साठा, हे सगळं १५ जीबीत चढत जातं आणि एक दिवस ‘जागा संपली’ अशी पाटी येते. माझ्या मावशीने १०० जीबीसाठी महिना १३० रुपये सुरू केले. तिला कुणी काही विकलं नाही. तिने स्वतःच इतकं साठवलं होतं की निवडून पुसत बसण्यापेक्षा पैसे देणं सोपं झालं.

तिसरं कारण जाहिराती आणि माहिती. तुम्ही काय बघता, कुठे थांबता, याला बाजारात किंमत असते. फुकट आवृत्तीत जाहिराती भरपूर असतील तर तुमचं तिकीट दुसरं कुणीतरी काढतंय.

एआयचा काजू

इतका वेळ जे गणित मांडलं ते एका गोष्टीवर उभं आहे. आणखी एक फुकट्या आला तर खर्च फारसा वाढत नाही. फेरीत आणखी एक पायी माणूस चढला म्हणून डिझेल कितीसं वाढणार? जुनं सॉफ्टवेअर असंच असतं.

एआयचं तसं नाही. तुम्ही प्रश्न विचारलात की कुठेतरी महागडी चिप तापते, वीज जळते. दर उत्तराला खर्च. म्हणजे हा फेरीतला पायी माणूस नाही, काजूच्या दुकानात रोज येऊन पाच गर चाखणारा माणूस आहे. मघाचंच उदाहरण घ्या. माणशी ४ रुपयांऐवजी खर्च ४० झाला तर दहा हजार जणांचे चार लाख, आणि हाती येणार तेच चौसष्ट हजार. लहान कंपनी महिन्यात बुडेल.

म्हणून एआयमध्ये फुकटाची मापं आखूड असतात, ‘आजचे प्रश्न संपले, नंतर या’. आणि म्हणूनच वर्षभर फुकट देणं कंपनीसाठी खरोखर खर्चाचं आहे. मग देतात का? भारतात फोन पुष्कळ आहेत आणि महिना ३९९ देणारे थोडे. वर्षभरात पोरांना गृहपाठ, आईला पाककृती, खजिनदारांना अहवाल त्यावाचून सुचेनासा झाला तर शंभरातले दोन कदाचित पाच होतील, असा तो डाव असावा. तो लागेल की नाही याची मला शंका आहे. बाजारात चारपाच जण फुकट वाटत असताना एकाची मुदत संपली की पोरं शेजारच्याकडे जातील. शुक्रवारच्या बाजारात आपण तेच करतो.

पण तुम्ही त्यांतलं काही घेतलं असेल आणि घेताना कार्ड किंवा यूपीआय जोडलं असेल, तर घेतल्याची तारीख शोधून ठेवा आणि मुदतीच्या आठवडाभर आधीची आठवण फोनमध्ये लावा. हवंच असेल तर ठेवा. माझ्या ओळखीतल्या एका वकीलबाईंना ते हवं आहे आणि त्या आनंदाने पैसे देणार आहेत.

चौथी खोली

पैसे द्यायचे की नाही हे मी भावाला सांगायच्या भानगडीत पडलो नाही. एकच पाहायला सांगितलं, आपली नोंद फाइल म्हणून बाहेर काढता येते का. येत असेल तर वापर.

त्याने दुसरं अ‍ॅप शोधलं. तीन खोल्यांपर्यंत फुकट, यूपीआय न जोडता. दीड वर्ष त्याने ते फुकट वापरलं, एक रुपया न देता. मग घरामागे चौथी खोली बांधली. अ‍ॅपने सांगितलं, चौथीसाठी महिना इतके, नको तेव्हा बंद करा. त्याने ऑक्टोबरात भरले, मला न विचारता. मेअखेर बंद केले, कारण पावसात चौथ्या खोलीत कपडे आणि छत्र्या सुकतात. पुन्हा ऑक्टोबरात सुरू.

दोन वर्षं हेच चाललं आहे. त्या कंपनीच्या तक्त्यात माझा भाऊ दर जूनला ‘सोडून गेला’ आणि दर ऑक्टोबरला ‘फुकट्याचा गिऱ्हाईक झाला’ असा दिसत असणार. आणि तिथे बसलेला कुणी पोरगा, ऑक्टोबरात आपण नेमकं काय चांगलं केलं, याचा शोध घेत असेल.